पिवळ्या डागाची बखर

शाळेत आम्हाला इतिहास शिकवणारे गुरुजी प्रत्येक युद्धाची कारणं दोन भागांत लिहायला लावत. दूरगामी कारणं आणि तात्कालिक कारण. तात्कालिक कारण एकच असे आणि पाठ करायला सोपं असे. कुणाची तरी काडतुसं, कुणावर तरी झाडलेली गोळी, कुठल्या तरी बंदरात बुडवलेला चहा. मार्क मात्र सगळे दूरगामी कारणांना.

कुत्रा आणि हिरवळ यांच्यात जे युद्ध चालू आहे त्याचं तात्कालिक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. शुद्ध मराठीत त्याला लघुशंका म्हणतात. (हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. निदान कुत्र्याला तरी या बाबतीत कधी शंका आल्याचं मी पाहिलेलं नाही.) दूरगामी कारणांकडे मात्र कुणी वळत नाही. ज्याच्या हिरवळीवर जेवणाच्या ताटाएवढा पिवळा डाग पडतो तो कुत्र्याकडे बघतो, कुत्रा दुसरीकडे बघतो आणि संशोधन तिथंच आटोपतं.

हे संशोधन माझ्या गळ्यात पडलं ते जावयामुळं. आमची कन्या अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिच्याकडे आम्ही दोघं सहा महिने राहायला गेलो होतो. अमेरिकेत राहायला गेलेल्या आईबापांची कामं ठरलेली असतात. आईला स्वयंपाक आणि बापाला काही नाही. घरापुढं हिरवळ, घरात बर्फी नावाची लॅब्राडॉर कुत्री आणि हिरवळीवर मोजून सतरा डाग. आकडा माझा नाही, जावयांचा. ते कॉम्प्युटरमधले. त्यांनी डागांचा तारीखवार नकाशा काढला होता.

“बाबा, तुम्ही अ‍ॅग्रिकल्चरवाले ना?” जावई म्हणाले. “बघा जरा, काय रोग आहे.”

आता मी आयुष्यभर कृषी खात्यात नोकरी केली हे खरं. माझी तीस वर्षं शेतकऱ्यांना ‘युरिया बुंध्यापासून लांब टाका’ एवढं एकच वाक्य निरनिराळ्या जिल्ह्यांत सांगण्यात गेली. मी धोतर सावरल्यासारखी पँट सावरून खाली बसलो आणि डागातलं गवत मुठीत धरून ओढलं. ते उपटलं गेलं नाही. म्हणजे हुमणी नव्हे. हुमणी आपल्याकडे उसाची मुळं खाते. तिकडं तिची भुंगेरे-जातीतली भावंडं हिरवळीची मुळं खातात, आणि मग गवत सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं. इथं मुळं घट्ट होती, मधे गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि डागाभोवती गडद हिरवं, तरारलेलं कडं होतं. सोन्याच्या नाण्याला पाचूची किनार लावावी तसं. हे कडं दिसलं की निदान पक्कं. मी बर्फीकडं बघितलं. बर्फी दुसरीकडं बघत होती.

“हा रोग नाही,” मी म्हटलं. “हा खताचा डोस आहे. जरा जास्त झालाय.”

जावयांना ते पटलं नाही. ते पटावं म्हणून मला जे जे सांगावं लागलं, तीच ही बखर.

मुळात माणसानं घरापुढं गवत का वाढवावं? आपला शेतकरी सगळा जन्म गवत काढण्यात घालवतो. हरळी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. नेमकं म्हणूनच गवत वाढवणं ही श्रीमंतीची खूण ठरली. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्सातल्या उमरावांनी वाड्यापुढं पसरलेली हिरवळ म्हणजे गावाला दिलेली नोटीस होती: इथं गहू पिकू शकतो, पण आमचं त्यावाचून अडत नाही. व्हर्सायच्या राजवाड्यासमोर गवताची लांबच लांब पट्टी आहे, तिचं नावच मुळी ‘हिरवा गालिचा’. इंग्लंडात लॅन्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३) नावाचा माळी होऊन गेला. माळी म्हणजे मोठ्या इतमामाचा माळी. जमीनदाराची जागा बघितली की म्हणायचा, हिच्यात पुष्कळ ‘केपेबिलिटी’ आहे. लोकांनी त्याचं नावच केपेबिलिटी ब्राऊन ठेवलं. आमच्या खात्यात असता तर लोकांनी काय नाव ठेवलं असतं ते मी सांगत नाही.

या उमरावांपुढं एक अडचण होती. गवत कापायचं कसं? लांब दांड्याचे कोयते घेऊन माणसं पहाटे दंव असतानाच कामाला लागत, कारण ओलं गवत पात्यापुढं नीट कापलं जातं. लांबच्या भागात मेंढ्या सोडत. मेंढ्या गवत कापतातही आणि खतही घालतात. पण त्या दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत आल्या तर पंचाईत. कुंपण घालावं तर देखावा बिघडतो. मग त्यांनी चर खणला आणि त्याची घराकडची बाजू भिंतीसारखी उभी बांधून काढली. वाड्यातून बघितलं तर चर दिसतच नाही, नजर थेट क्षितिजापर्यंत जाते, आणि मेंढी मात्र चराशी येऊन थबकते. या चराला इंग्रजीत ‘हा-हा’ म्हणतात. एकाएकी चर समोर आला की माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो तेच त्याचं नाव. साहेब विनोदी नाही असं कुणी म्हणू नये.

आता गंमत बघा. या उमरावांकडं कुत्री थोडी नव्हती. शिकारी कुत्र्यांचे कळपच्या कळप असत. ती सगळी कुठं ना कुठं तंगडी वर करतच असणार. तरीही हिरवळीवरच्या डागांवरून कुठल्या ड्यूकनं कुत्रा हाकलून दिल्याचं माझ्या वाचनात नाही. एक तर हिरवळ एवढी अफाट की डाग शोधायला घोड्यावरून जायला हवं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: ती नुसती गवताची नव्हतीच. तीत पाच-पन्नास जातींचं गवत होतं, रानफुलं होती आणि क्लोव्हर होतं. क्लोव्हर म्हणजे आपल्या मेथीच्या कुळातली, तशाच तीन तीन पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. आपल्याकडं गुरांना बरसीम घालतात, ते याचंच भावंड. या क्लोव्हरला वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. पुढं त्याच्यावर मोठा अन्याय होणार आहे.

युद्धाची खरी मुहूर्तमेढ रोवली गेली १८२८ ते १८३० या दोन वर्षांत, आणि दोन अशा माणसांच्या हातून, की ज्यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

पहिला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर. मूत्रात युरिया असतो हे आधीपासून ठाऊक होतं. रूएल नावाच्या फ्रेंच माणसानं १७७३ मध्ये तो वेगळा काढला होता. पण असले पदार्थ सजीवाच्या शरीरातच तयार होतात, त्यांना काहीतरी प्राणशक्ती लागते, असा पंडितांचा समज होता. व्होलरनं प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून युरिया तयार केला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत आपले गुरू बर्झेलियस यांना पत्रानं कळवलं, की मूत्रपिंडावाचून, मग ते माणसाचं असो की कुत्र्याचं, मला युरिया बनवता येतो. जगात एवढे प्राणी असताना त्याला माणसाच्या जोडीला कुत्राच आठवला. हत्ती नाही, घोडा नाही, कुत्रा! रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या पत्राचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे, पण माझ्या बखरीत त्याचं पान पहिलं.

दुसरा एडविन बडिंग. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळचा यंत्रकारागीर. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उठलेली लव कापून ते गुळगुळीत करायला फिरत्या पात्यांचं यंत्र असे. बडिंगला वाटलं, जे कापडावर चालतं ते गवतावर का चालू नये? १८३० मध्ये त्यानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शेजारी वेड्यात काढतील म्हणून तो ते रात्री चालवून बघायचा अशी आख्यायिका आहे. मला ती खरी वाटते. नवं यंत्र आणि शेजारी यांचं नातं सगळ्या देशांत सारखंच असतं. आणि योगायोग असा, की त्या काळी इंग्लंडात लोकर धुवायला शिळं मूत्र वापरत. घरोघरून ते गोळा करून नेत. म्हणजे ज्या धंद्यातून हिरवळीचं यंत्र निघालं त्या धंद्यात मूत्र हा कच्चा माल होता! पुढं त्याच यंत्रानं कापलेल्या गवतावर ते पडलं तर मात्र गहजब.

बडिंगच्या यंत्रामुळं दहा माणसांचे कोयते न बाळगताही हिरवळ ठेवता येऊ लागली. उमरावाची हिरवळ आधी डॉक्टराकडं आली, मग वकिलाकडं, मग हेडक्लार्ककडं. आणि आकारानं आटत आटत ती सतरंजीएवढी झाली. कुत्रा मात्र आकारानं तेवढाच राहिला.

इथं रसायनाचं थोडं सांगतो. कुत्र्याचं खाणं प्रथिनांचं. त्या प्रथिनांतला नको असलेला नत्र यकृत युरियाच्या रूपात बांधून देतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. युरिया म्हणजे तोच, जो तुर्भ्याच्या, म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या कारखान्यात १९६५ पासून खत म्हणून बनू लागला आणि ज्याची ‘उज्ज्वला’ लिहिलेली पोती मी नोकरीत हजारांनी पाहिली. त्यात शेकडा ४६ भाग नत्र. चिमूटभर पसरला तर पीक हिरवंगार, मूठभर एका जागी पडला तर रोप जळालं. कुत्री एका जागी बसून सगळी मूठ एका ताटाएवढ्या जागेत रिकामी करते. शिवाय त्यात क्षार असतात ते वेगळेच. मधे जास्त झालं म्हणून जळलं, कडेला बेताचं पडलं म्हणून तरारलं. हिरव्या कड्याचं गूढ ते एवढंच. आणि जावई तर वर्षातून चार वेळा त्याच नत्राचं पोतं दुकानातून विकत आणून त्याच हिरवळीवर टाकत होते! पोत्यातून आलं तर खत, बर्फीकडून आलं तर घाण.

लोक म्हणतात, कुत्र्यापेक्षा कुत्रीचं मूत्र जहाल. हा स्त्रीजातीवर उगाच आळ आहे. मूत्र दोघांचं सारखंच. नर वीस ठिकाणी थोडं थोडं शिंपडत सीमा आखत जातो, आणि ती एका जागी बसून काम उरकून घरी येते. शिस्तीचे परिणाम कधी कधी असे होतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडं ‘तो’ आणि ‘ती’ अशाच अर्थाच्या नावांचे दोन बीगल होते. १९६४ मध्ये व्हाइट हाउसच्या आवारात जॉन्सनसाहेबांनी त्यातल्या एकाला कान धरून उचललं, त्याचा फोटो छापून आला आणि देशभर ओरड झाली. हिरवळीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. तसं व्हाइट हाउसच्या हिरवळीनं आणखीही पाहुणे पाहिले आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अध्यक्ष विल्सन यांनी तिथं मेंढ्या चरायला सोडल्या होत्या आणि त्यांची लोकर रेडक्रॉससाठी लिलावात विकली होती. मेंढ्यांनी बाकी जे काही दिलं ते हिरवळीलाच मिळालं.

तर अमेरिका. कुंपण ही वस्तू नाहीशी झाली ती इथं, आणि आमच्या युद्धातलं हे फार मोठं दूरगामी कारण. १८७० मध्ये फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थांनी उपनगरातल्या घरांची आवारं कशी सजवावीत यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, आपल्या दारातली शोभा कुंपणाआड दडवून शेजाऱ्याला बघू न देणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. लोकांनी ऐकलं. सगळ्यांच्या हिरवळी एकमेकींना जोडून एकच लांब हिरवळ झाली. आमच्या पुण्यात हे पुस्तक खपलं नसतं. आमच्याकडं कुंपण तर हवंच, वर ‘येथे गाडी लावू नये’ ही पाटीही हवी. पण कुंपण गेलं की कुत्र्याला माझं-तुझं कसं कळायचं? त्याचा मालक गवतावर हद्द आखत नाही. म्हणून तो स्वतः आखतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सगळ्याचा कळस झाला. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिट मंडळींनी बटाट्याच्या शेतांत एकसारखी घरं उभी केली. १९५१ पर्यंत सतरा हजारांच्या वर. प्रत्येक घरापुढं हिरवळ आणि करारात अट: कुंपण घालायचं नाही आणि हंगामात आठवड्याला एकदा गवत कापायचं. त्याच करारांत सुरुवातीला आणखी एक कलम होतं. घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. गवतातली तणं आणि माणसातली तणं एकाच कागदावर. असल्या अटी न्यायालयांनी बजावून देऊ नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये दिला, तरी लेव्हिटनगरीचे दरवाजे पुढं कैक वर्षं तसेच राहिले.

हे मी जावयांना सांगत होतो तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा, त्यांच्या लॉनवर डाग पडला तर तो कुत्र्याचा असतो. आपल्या लॉनवर पडला तर तो आपला असतो.”

टेबलावर त्यांच्या वसाहतीच्या मंडळाचं पत्र पडलं होतं. सोबत डागांचा फोटो. एका महिन्यात हिरवळ सुधारा, नाहीतर दंड. म्हणून बर्फीला दिवसभर गॅरेजमध्ये बांधायचं घाटत होतं आणि नात दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती. हा माणूस वीस वर्षं त्या देशात नोकरी करतोय, कर भरतोय. आणि सतरा पिवळ्या डागांनी त्याची झोप उडवली होती. तेव्हा मी थट्टा आवरती घेतली.

आता क्लोव्हरवरचा अन्याय. १९४५ च्या सुमारास ‘२,४-डी’ हे तणनाशक बाजारात आलं. आपल्याकडं शेतकरी त्याला ‘टू फोर डी’ म्हणतात. ते रुंद पानांची झाडं मारतं आणि गवताला धक्का लावत नाही. हिरवळवाल्यांना वाटलं, झालं काम! पण क्लोव्हर रुंद पानांचं. तोपर्यंत हिरवळीच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत असत, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून जमिनीत आणतात. फुकटचं खत. औषधानं ते मेलं, आणि औषध तर विकायचं होतं. मग क्लोव्हर हेच तण आहे असं ठरलं. काल पंगतीत पाटावर बसलेला पाहुणा आज चोर! ते गेल्यावर नत्र विकत आणणं आलं, आणि विकतचं नत्र घालून घालून जमीन आधीच काठोकाठ भरली की त्यावर कुत्र्याचं एक भांडं जास्तीचं होतं. शिवाय क्लोव्हर असलेल्या हिरवळीत कुत्र्याचे डाग सहसा नजरेत भरत नाहीत. जो पहारेकरी होता त्यालाच आधी मारून टाकलं, आणि मग चोरी होते म्हणून बोंब.

आज अमेरिकेत हिरवळीनं एक लाख चौरस किलोमीटरच्या वर जागा व्यापली असावी असा उपग्रहांच्या चित्रांवरून केलेला अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि पाणी देऊन वाढवलेल्या कुठल्याही पिकाहून अधिक. आपल्याकडं हल्ली लॉन्स म्हटलं की लोक ‘कुणाचं लग्न?’ असं विचारतात. तेही बरंच आहे. तिथं निदान वर्षभर पंगती तरी उठतात.

कायद्यानंही या बाबतीत हात आखडता घेतला आहे. न्यू यॉर्कमध्ये १९७८ च्या ऑगस्टपासून कुत्र्यामागं फिरून त्याची विष्ठा उचलण्याची सक्ती झाली. हा कायदा घन पदार्थांपुरता. द्रवाबद्दल तो मौन पाळतो.

मग उरतात घरगुती उपाय. कुत्र्याला टोमॅटोचा रस पाजा. सफरचंदाचा शिरका पाजा. खाण्याचा सोडा घाला. गोळ्या द्या. पाण्याच्या भांड्यात अमुक दगड ठेवा. जमिनीत जिप्सम टाका. या सगळ्यामागं एकच समज: मूत्र आम्ल आहे की अल्कली, यावर डाग अवलंबून. अ‍ॅलर्ड नावाच्या पशुवैद्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं आणि १९८१ मध्ये छापलं. चार जातींच्या गवतांवर मोजून मापून मूत्र ओतलं आणि बघत बसले. (आमच्या खात्यात याहून कंटाळवाणे प्रयोग झालेले आहेत.) आम्ल-अल्कलीनं काही फरक पडत नाही, किती दाट आणि किती पडलं, यावर सगळं आहे. आणि सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष असा, की आठ तासांच्या आत त्या जागी पाणी ओतलं तर जळणं राहिलं बाजूला, खत घातल्यासारखं गवत वाढतं. बारा तास उलटले की मात्र डाग पडतो, आणि जेवढा उशीर तेवढा वाईट. म्हणजे माझं तीस वर्षांचं वाक्यच ते. पातळ करा, पसरा. टोमॅटोचा रस आपण प्यावा. सोडा-मीठ कुत्र्याच्या पोटात घालून त्याचं मूत्रपिंड बिघडवू नये. त्याच्या जेवणात साधं पाणी घालावं, तेवढ्यानं पुरेसं पातळ होतं.

त्या चार गवतांत फेस्क्यू आणि राय ही दोन सोशिक निघाली. सर्वांत नाजूक निघाली केंटकी ब्लूग्रास आणि बर्म्युडा. आता केंटकी ब्लूग्रास मूळचं केंटकीचं नाही, युरोपातलं आहे, आणि निळं तर नाहीच नाही. आणि बर्म्युडा म्हणजे कोण? आपली हरळी. म्हणजेच गणपतीच्या दूर्वा! लहानपणी चतुर्थीला दूर्वा आणायला मला पिटाळत. जुड्या हातात ठेवल्या की आई विचारायची, “कुठून आणल्यास? कुत्री हिंडतात तिथल्या नाहीत ना?” फार तरारलेल्या, काळपट हिरव्या दूर्वा दिसल्या की ती त्या बाजूला काढायची. गवताला असं तेज फुकट येत नाही, असं तिचं म्हणणं. अ‍ॅलर्डसाहेबांच्या आधी आमच्या घरी त्या हिरव्या कड्याचा शोध लागलेला होता.

पण दूर्वेचं एक आहे. ती जळते लवकर आणि भरूनही लवकर येते. पेरापेरावर मुळं धरत ती मोकळ्या जागेत सरकते. केंटकी ब्लूग्रासही जमिनीखालून धुमारे पाठवून छोटी भोकं बुजवतं. फेस्क्यू आणि राय मात्र झुबक्यानं वाढतात. ती सहसा जळत नाहीत, पण जळाली की तिथं टक्कल. घराण्यांतही अशी दोन्ही तऱ्हेची माणसं असतात.

जावयांच्या हिरवळीवर मग कृषी खात्याचं राज्य सुरू झालं. नातीकडं झारी दिली. बर्फी उठली की झारी घेऊन मागं धावायचं आणि निदान तिप्पट पाणी ओतायचं. तिला या कामाचे दिवसाला पन्नास सेंट मिळत. मागच्या अंगणात कोपऱ्यात लाकडाच्या चिपा पसरून बर्फीची जागा केली. पहिले दोन आठवडे तिला पट्टा लावून तिथंच न्यायचं आणि काम झालं की बिस्किट. कुत्र्याला असली लाच लगेच कळते. माणसाला कोपरा दाखवून भिंतीवर देवांच्या फरश्या लावाव्या लागतात, तरी उपयोग नसतो. खताचं पोतं वर्षातून चारऐवजी एकदा. गवत कापायच्या यंत्राचं पातं वर चढवून तीन इंचांवर ठेवलं, म्हणजे मुळं खोल जातात.

जुन्या डागांना ऑगस्टअखेरपर्यंत थांबवलं, कारण तिकडच्या थंड प्रदेशात गवत पेरायचा खरा हंगाम तोच. आधी चार दिवस डागांवर भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढले. मग दाताळ्यानं मेलेलं गवत ओढून काढलं, खुरप्यानं माती मोकळी केली, बोटभर नवी माती घातली, बी पेरलं, हातानं दाबलं आणि उगवेपर्यंत रोज दोनदा झारीनं शिंपडलं. सौ. खिडकीतून म्हणाली, “इतकी वर्षं घरच्या तुळशीला कधी पाणी घातलं नाहीत.” मंडळाला मी जावयांकडून उत्तर पाठवलं: दुरुस्ती चालू, पेरणी झाली, उगवण समाधानकारक. सरकारी मसुद्यापुढं कुणाचं काही चालत नाही. दंड तहकूब झाला. बर्फीला गॅरेजमध्ये बांधायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पेरताना बियाण्यात मी मूठभर पांढऱ्या क्लोव्हरचं बी मिसळायला सांगितलं. हल्ली ते तिकडं पुन्हा मिळू लागलंय, वेगळ्या पिशवीत, आणि गवताच्या बियाण्याहून महाग. जावयांनी ते आणलं आणि गॅरेजमधल्या फळीवर ठेवलं. त्याच फळीवर गेल्या वर्षीची तणनाशकाची अर्धी बाटली होती. तिच्यावर ज्या तणांचा नायनाट करण्याची हमी दिलेली होती त्यांची चित्रं होती, आणि त्यांत क्लोव्हरची तीन पानं.